शटरवरचे पॉइंट

सुपेल्याच्या ज्या गॅरेजमध्ये माझा दादा मिस्त्री होता, त्याला दोन शटर होती. त्यातलं एक कायम बंद असायचं. त्या वर्षी दादाने त्या बंद शटरवर खडूने एका परदेशी पोराचे पॉइंट लिहायला सुरुवात केली. पोरगा वीस वर्षांचा, मोटरसायकल रेसिंगच्या सगळ्यात मोठ्या गटातलं त्याचं पहिलंच वर्ष. रविवारी संध्याकाळी रेस झाली की सोमवारी सकाळी दादा जुना आकडा पुसून नवा लिहायचा. पोरगा जिंकला असेल तर शेजारच्या ठेल्यावरून समोसे यायचे. चाकात हवा भरायला आलेल्यालाही एक मिळायचा. "खाओ भैया, अपना लड़का जीता है."

"अपना कसा रे?" मी एकदा म्हटलं. "अंगभर तेलाच्या अन् टायरच्या जाहिराती. माणूस आहे का होर्डिंग?"

"होर्डिंग कसं वळून राहिलं थे पाय." त्याने फोन माझ्या नाकासमोर धरला. "कोपर जमिनीले लावलं. अन् मागच्यायले पाय, दोन-दोन वेळचे चॅम्पियन, धूळ खाऊन राहिले. कामरेड, तुले तर आवडला पायजे हा. मोठ्यायले पाडून राहिला."

कामरेड म्हणायला कारण होतं. बाबा इथल्या स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये होते आणि रिटायर होईपर्यंत युनियनचे परचे तेच लिहायचे. मला अक्षरओळख झाली ती त्या पत्रकांच्या उरलेल्या गठ्ठ्यांवर. घड्या मी घालायचे, आणि शिफ्ट सुटताना बाबांबरोबर गेटवर वाटायलाही जायचे. त्यांचा एक नियम होता: परच्यात कोणाचं नाव घालायचं नाही, पण गेटवरच्या शेवटच्या माणसालाही कळलं पाहिजे की कोणाबद्दल आहे. नाव घातलं की केस होते. पुढे मी लिहू लागले तेव्हा हा नियम मी उत्तम पाळला.

रेस मला आवडायला लागली होती. जेवताना दादा वाटी आणि चमचे मांडून दाखवायचा, आतून कसं शिरायचं, ब्रेक किती उशिरा दाबायचा. भात गार व्हायचा. बाबा म्हणायचे, "आधी जेवा, मंग चॅम्पियन व्हा."

दोनच रेस राहिल्या असताना सुपेला चौकाजवळ एका बाइकवाल्या पोराने ठेक्यावरच्या एका कामगाराला उडवलं. कामगार सायकलवरून ड्यूटीला चालला होता. बाइकचा सायलेन्सर फोडून घेतलेला, आवाज आधी आला आणि बाइक नंतर, असं लोक सांगत होते. मी दवाखान्यात गेले. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला होता. त्याची बायको मला एवढंच विचारत होती, की ठेकेदार याला परत घेईल का. मी घरी येऊन एका बैठकीत परचा लिहिला. हिंदीतच, आमचे परचे हिंदीतच निघतात. त्यात एक वाक्य होतं: जिस दुकान के शटर पर विदेशी रेस के नंबर लिखे जाते हैं, वहीं हमारे लड़कों को सड़क पर मौत की रेस सिखाई जाती है.

बाबांनी वाचून दोन विशेषणं कापली. मग चष्मा काढला. "त्याले विचारलं का?"

"विचारलं तर लिहिता येणार नाही," मी म्हटलं. "घरचा म्हणून सोडायचं का?"

त्यांनी कागदाची घडी घालून मला परत दिला. पॉवर हाउस भागातल्या प्रेसमधून परचा छापून आला आणि मी तो चौकात स्वतः वाटला.

दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातली माणसं गॅरेजवर गेली. मालकाने शटर पाण्याने धुऊन काढलं आणि संध्याकाळपर्यंत दादाला कामावरून काढलं. दादा घरी आला तेव्हा परचा त्याच्या खिशात होता.

"थो बाइकवाला पोरगा आमच्याकडं आला होता," तो म्हणाला. "सायलेन्सर फोडून दे म्हणे. म्या हाकलला त्याले. रात्री बारा वाजता उठवून मले विचारलं असतं तं सांगितलं असतं. एका घरात राहतो ना आपण? कावून नाही विचारलं?"

माझ्याकडे उत्तर होतं. तत्त्वाचं होतं.

"मी दुसरा परचा काढते," मी म्हटलं. "चूक झाली असं लिहिते."

"काढ," तो म्हणाला. "तुले दुसरं येते तरी काय?"

चार दिवसांनी तो रायपूरला एका वर्कशॉपमध्ये लागला आणि तिथल्या पोरांसोबत खोली घेतली.

दुसरा परचा मी काढला. खाली पहिल्यांदाच माझं नाव घातलं. चौकात एक जण वाचून म्हणाला, "मैडम, ये किस बारे में है?" पहिला कोणाच्या लक्षातच नव्हता. मालकाला नेऊन दिला तर तो म्हणाला, "बेटा, अब तो दूसरा लड़का रख लिया."

शेवटच्या रेसच्या रविवारी मी कोहक्यातल्या आमच्या घरी एकटीच फोन घेऊन बसले. चॅम्पियन व्हायला पोराला चौथा नंबर पुरेसा होता. सहाव्या लॅपला तो घसरता घसरता वाचला, सातवा झाला. मग एकेकाला गाठत, आतून शिरत, ब्रेक अगदी उशिरा दाबत तो वर आला. काय चाललंय हे मला सगळं कळत होतं. शेवटच्या वळणावर तो चौथा होता. पहिल्याच वर्षी चॅम्पियन. हेल्मेटमध्येच तो रडत होता, खांदे हलत होते. मी उभी राहिले होते.

बाबा दारात आले. "झाला का?"

"झाला."

"फोन लाव त्याले."

इतक्या दिवसांत त्याने माझा फोन उचलला नव्हता. त्या दिवशी दुसऱ्या रिंगला उचलला.

"दादा, पाहिलं का? चौथा आला. झाला ना चॅम्पियन!"

"हाँ, देखा," तो म्हणाला. "बढ़िया रहा. बधाई हो."

आमच्यात आम्ही कधीच हिंदी बोललो नाही, भांडतानासुद्धा. ती बाहेरच्यांसाठी. मी मनाशी म्हटलं, खोलीत पोरं असतील, म्हणून. पण पलीकडे पंख्याशिवाय कसलाच आवाज नव्हता.

"दादा, तुझ्याशी बोलायचं होतं मले."

"अभी थोड़ा काम है. पापा को नमस्ते बोलना."

बाबांना तो जन्मभर बाबाच म्हणत आला आहे.

मी फोन खाली ठेवला. बाबा अजून दारातच उभे होते. "काय म्हणाला?"

"खूश आहे," मी म्हटलं. "समोसे वाटून राहिला म्हणे."