मामाजींनी कबूल केलेला चंद्र

माणूस चंद्रावर गेला होता, ही गोष्ट मी एकदा रडून सिद्ध केली आहे. शास्त्रज्ञांना त्यासाठी यान लागलं, मला एक घागर पुरली.

लग्न होऊन मी नांदेडहून उदगीरला आले, तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पाऊस कुठे तरी हरवला होता. ओसरीवर बोलायला दोनच विषय. कोणती कचेरी लातूरला आली आणि कोणती विहीर आटली. मी बारावी पास. घरात तेवढं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं, आणि हे मी कुणाला विसरूही देत नव्हते. भाकरी करपली तरी करपण्यामागचं शास्त्र सांगायची. आज अशी सून मला मिळाली असती तर मी तिला परत पाठवलं असतं.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. मोंढ्यात त्यांचं धान्याचं दुकान. सकाळी कपाळभर विभूती लावून पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचे नाहीत. चंद्रावर माणूस उतरला, हे त्यांना साफ नामंजूर.

"महादेवाच्या डोक्यावर बूट घालून कुणी चढतंय का? अन् महादेव गप बसंल?"

मी पदराआड हसायची.

त्या वर्षीच्या कोजागिरीला मला चौथा महिना होता. वैरण नव्हती, त्यामुळे आमची देवणी गाय जेमतेम तांब्याभर दूध द्यायची. सासूबाईंनी ते सगळं आटवलं, चांदण्यात ठेवलं आणि मला एकटीला दिलं. "चंद्राचे किरण लेकराला लागू दे," म्हणाल्या. मी घटाघटा प्यायले. दुधाची मिशी पुसली आणि झोपले.

दोन दिवसांनी संध्याकाळी शेजारचे मास्तर ओसरीवर आले. एरवी चंद्रावरून मामाजींशी भांडणारे, पण त्या दिवशी एकदम नरम.

"अप्पा, तुमचंच खरं दिसायलंय. मी पेपरात वाचलो. वर अवकाशात असले किरण हायत की माणूस आतून नासून जाईल. त्यातून जित्ता कोण येतंय? गेलेच न्हाईत ते."

मामाजींनी मांडीवर थाप मारली. "बघा! महादेवानं बंदोबस्त करूनच ठेवलाय."

आत मी ज्वारी निवडत होते. हात तिथेच थांबला. माझं शिकलेलं डोकं पळत सुटलं: घातक किरण वर, चंद्रही वर, चंद्राचे किरण दुधात, दूध माझ्या पोटात, आणि तिथे माझं लेकरू. बारावीला मी विज्ञान घेतलं नव्हतं, ही गोष्ट तेवढी मी सासरी कुणाला सांगितली नव्हती.

मग मी चंद्राला चुकवायला लागले. दिवेलागणीला खिडकी बंद. वाळत घातलेले कपडे ऊन असतानाच आत. उकाड्याने सगळे अंगणात झोपायचे, मी मात्र आत घामाघूम.

"काय व्हायलंय गं तुला?" सासूबाईंनी विचारलं.

"थंडी वाजायलीय, आत्याबाई."

ऑक्टोबरातली थंडी! खरं सांगणार तरी कसं? स्वतःच्या तोंडचं काढून त्यांनी मला दिलेलं दूध. ते विष होतं असं म्हणायचं?

आता एकच आधार उरला. ती माणसं खरंच जाऊन धडधाकट परत आली असतील, तर त्या किरणांनी माझ्या बाळाचंही काही बिघडणार नाही. म्हणून पदराआड हसणारी मी मामाजींशी उघड वाद घालायला लागले.

"गेले होते मामाजी. खरंच गेले होते."

"तुझा भाऊ होता का त्याच्यात?"

असा आठवडा गेला. एका सकाळी पाहते तर पिण्याच्या पाण्याची घागर अंगणात, झाकण बाजूला पडलेलं. पहाटेपर्यंत तिच्यात चंद्र. गावाबाहेरच्या एकाच विहिरीला पाणी उरलं होतं, आणि मला ओझं नको म्हणून मामाजी स्वतः रांगेत उभे राहून ती घागर सायकलवर आणायचे. मी ती उचलली आणि लिंबाच्या बुडाशी रिकामी केली. वळले तर पूजेचं पाणी घ्यायला तांब्या घेऊन मामाजी उभे.

ओली माती पाहून त्यांनी हळूच विचारलं, "काही मेलेलं पडलं होतं का त्याच्यात?"

"नाही."

"मग?"

"चांदणं पडलं होतं," मी म्हणाले आणि जो हंबरडा फोडला! दूध, किरण, मास्तर, बाळ, सगळं हुंदक्यांबरोबर बाहेर आलं. मामाजी बाजेवर बसले. बराच वेळ तांब्या हातात फिरवत राहिले. आता माहेरी धाडतात, असं मी धरूनच चालले होते.

"गेले होते गं ते," शेवटी म्हणाले.

"कोण?"

"तेच. चंद्रावर. गेले, आले, अन् आता नातवंडं खेळवायलेत."

"पण तुम्हीच तर म्हणायलाव..."

"मास्तरची फिरकी घ्यायलो होतो." माझ्याकडे मात्र पाहत नव्हते.

"आणि महादेव?"

"त्यानं परवानगी दिली असंल. तू दूध पी. खिडकी उघड."

शेजारून तांब्याभर पाणी मागून त्यांनी त्या दिवशी पूजा केली. त्या घागरीची चुटपुट मला अजून आहे. पण त्या रात्री मी अंगणात झोपले, आणि मेल्यासारखी झोपले.

सातव्या महिन्यात नांदेडला माहेरी गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंना भीत भीत विचारलंच. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, चांदणं म्हणजे चंद्रावर आपटून आलेला सूर्याचाच उजेड. ते घातक किरण वेगळे, आणि आपल्या डोक्यावर हवेचं जाड पांघरूण आहे. चंद्रावर गेलेली माणसं त्या किरणांच्या पट्ट्यातून भराभर निघून गेली, म्हणून निभावली.

"आणि दूध?"

"रोज प्या."

मुलगी झाली. मामाजी एस.टी.ने तुपाचा डबा घेऊन आले. टोपडं सरकवून कान पाहिले, हातापायांची बोटं दोनदा मोजली. मग चोरट्या नजरेने दाराकडे बघून माझ्याजवळ वाकले.

"लेकरू नीट हाय. आता सांगतो पोरी. कुणी गेलं-बिलं नव्हतं."