झेंडी आधी, शिटी मागून

अकरावीच्या पहिल्या तासाला मी दरवर्षी एकच गोष्ट सांगते. वेळ कुणालाच दिसत नाही, दिसते ती हालचाल. काटा फिरतो, सावली सरकते, लंबक हलतो, आणि त्यावरून आपण वेळ ठरवतो. मुलं वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. समुद्रपूरला फिजिक्स शिकवून मला बरीच वर्षं झाली, त्यामुळे त्याचं आता वाईट वाटत नाही. पण हीच गोष्ट माझ्या सख्ख्या भावाच्या बैलजोडीवर येऊन बसली, तेव्हा मात्र मी ती कुणाला विसरू दिली नाही.

आमच्या गावात हिवाळ्यात शंकरपट भरतो. छकड्याला जुंपलेल्या जोड्या एकेक करून धावतात, आणि जिला सगळ्यांत कमी वेळ लागला ती पहिली. मोठ्या पटांत आता सेन्सरची घडी असते, आमच्याकडे अजून माणसाच्या हातातली. सुरुवातीच्या रेषेवर एकजण शिटी वाजवतो आणि त्याच क्षणी झेंडी खाली करतो. शेवटच्या रेषेवर बसलेला घडीवाला त्या इशाऱ्यावर बटण दाबून घडी सुरू करतो आणि जोडी रेषेवर आली की थांबवतो. हे काम वर्षानुवर्षं गावातल्या किराणा दुकानाच्या शेटजींकडे आहे, कारण त्यांची स्वतःची जोडी नाही आणि त्यांच्या खरेपणाबद्दल कुणाला शंका नाही.

दादाच्या जोडीचा तो शेवटचा पट होता. उजवीकडचा बैल थकत चालला होता, पुढच्या वर्षी त्याला पळवायचं नाही असं दादानं ठरवलं होतं. दोन्ही बैल त्यानं गोऱ्हे असल्यापासून वाढवलेले, आणि पहिला नंबर एकदाही आला नव्हता. मी सिंदी मेघेला राहते, तिथून खास त्यासाठी गेले होते.

दुपारी शेटजी जेवायला उठले. त्यांना शुगर आहे, उशीर चालत नाही. घडी त्यांनी माझ्या हातात दिली.

“काका, दादाची जोडी पळाची हाये अजून,” मी म्हटलं.

“मंग काय झालं? घडी काही नातं पायत नाई,” ते हसून म्हणाले.

मी झेंडीवर नजर लावून बसले. दादाची जोडी अशी सुसाट आली की ओरडावंसं वाटलं, पण बोट जागेवर ठेवलं. घडीतला आकडा वाचला आणि मन खट्टू झालं. सकाळी आघाडीवर आलेल्या जोडीपेक्षा दादा पाव सेकंदाहूनही कमी फरकानं मागे होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी नाही म्हणून मान हलवली, आणि तो बैलांच्या मानेवरून हात फिरवत राहिला.

शेटजी परत आले आणि शेवटच्या जोडीसाठी घडी त्यांनी घेतली. मी शेजारीच उभी होते. झेंडीवाल्यानं हात वर केला तसे शेटजींनी चक्क डोळे मिटले.

“काका, डोये काऊन मिटले?”

“लांबचं नीट दिसत नाई आता. कानावर भरवसा हाये माहा. शिटी ऐकली का दाबतो.”

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. झेंडी पडलेली तत्क्षणी दिसते. शिटीचा आवाज मात्र अख्खी धावपट्टी कापत येतो, आणि तेवढा वेळ बैल पळत असले तरी शेटजींची घडी सुरूच झालेली नसते. त्यांनी मोजलेल्या प्रत्येक जोडीला अर्ध्या सेकंदाहून जास्त सूट मिळाली होती. मी मोजलेल्या चार-दोन जोड्यांना ती मिळाली नाही, आणि त्यांतलीच एक दादाची.

गप्प बसणं सोपं होतं. पण भावाचं नुकसान होणार असतं तरी मी बोललेच असते, मग फायदा होतो म्हणून का गप्प बसायचं? मी सरळ पंचांच्या मांडवात गेले.

“भाऊ हाये म्हणून नवा कायदा काढून राह्यली,” आघाडीच्या जोडीचा मालक म्हणाला. लोक हसले.

“माह्या शब्दावर जाऊ नका,” मी म्हटलं. “दोन घड्या आणा. शेटजी डोये मिटून शिटीवर लावतीन, तुमी सोता झेंडीवर लावा. मी टाळी वाजवली का दोघंय थांबवा.”

केलं. पुन्हा केलं. मालकानं घड्यांची अदलाबदल करूनही पाहिली. दर वेळी झेंडीवर लावलेली घडी जास्त वेळ दाखवायची, आणि फरक दादाला कमी पडलेल्या वेळेच्या दुपटीहून मोठा. शेटजींचा चेहरा उतरला. तुमचा हात दिवसभर एकसारखा चालला, आवाजच उशिरा येतो, असं मी त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं. पंचांनी शिटीवर धरलेल्या सगळ्या वेळांत तो फरक मिळवला, आणि दादाची जोडी पहिली आली.

बक्षीस होतं बैलांसाठी भरजरी झुलींचं. दादानं त्या घरी आणल्या आणि दुमडून खाटेवर ठेवून दिल्या. वहिनीनं हळदकुंकवाचं ताट आणलं, तर “राहू दे” म्हणाला. मला राग आला. मी एवढी भांडले ती कुणासाठी?

“गावात काय म्हणून राह्यले, मालूम हाये?” तो शेवटी बोलला. “बहिणीनं जिंकवलं. बैलायनं नाई.”

“अन् तुले काय वाटते?”

“मले तं शिटी न् झेंडी संगच समजते वं. दरसाली.”

बरोबरच होतं त्याचं. तो दरवर्षी सुरुवातीच्या रेषेवर असायचा, झेंडीवाल्याच्या अगदी शेजारी. तिथे आवाजाला उशीर व्हायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला पटाच्या रिकाम्या पट्टीवर नेलं. सोबत स्वयंपाकघरातली थाळी आणि लाटणं घेतलं. मी सुरुवातीला थांबले आणि त्याला शेवटच्या रेषेवर पाठवलं. तिथून त्यानं सुरुवातीकडे उभं राहून कधी पाहिलंच नव्हतं. मी लाटणं उंच उचलून थाळीवर मारलं. त्यानं पुन्हा मार म्हणून हात केला. मी मारलं. पुन्हा हात केला. थाळीला पोचे पडले तरी त्याचं समाधान होईना. मग तो सावकाश चालत माझ्यापर्यंत आला.

“लाटणं पयले लागते,” तो म्हणाला. “आवाज मागून येते.”

“मंग?”

तो तडक घराकडे निघाला. मी गोठ्यात पोचले तोवर झूल म्हाताऱ्या बैलाच्या पाठीवर होती, वहिनी ताट घेऊन उभी होती आणि दादा बैलाच्या कानाशी वाकला होता.

“तूच पयला आलता रे बापा,” तो म्हणत होता. “मले आज ऐकू आलं.”