चिंचेने घासलेल्या पुंगळ्या

माझ्या सासूबाईंनी आमच्या शेजाऱ्याच्या बायकोची शेवटची आठवण चिंच-मीठ लावून घासून टाकली होती.

तो शेजारी, आमचा डेस, आज सकाळी गेला.

रडू येतंय, आणि मधूनच हसूही. डेसबद्दल लिहायचं म्हटलं की हे असंच होणार.

डेसला पिस्तुलाने टार्गेट शूटिंग करायचा नाद. रीतसर लायसन्स, रीतसर क्लब.

गोळी झाडली की जी पितळी पुंगळी उरते ना, ती तो टाकत नसे. तीच पुन्हा भरून वापरायची. भरायचं काम क्लबच्या नेमबाजीच्या रेंजवरच, घरी फक्त रिकाम्या पुंगळ्या.

पण दर वेळी पितळ थोडं ताणतं. फार वापरली की तोंडाशी चीर जाते. म्हणून एकदा वापरलेल्या, दोनदा वापरलेल्या, असे डबे वेगळे ठेवावे लागतात.

हे डबे लावायची त्याची बायको, नोरा. बिस्किटांचे पत्र्याचे डबे, वर तिच्या अक्षरात चिठ्ठ्या.

नोरा गेली आणि डेसने रेंजवर जाणंच सोडलं. वापरल्या तर पुंगळ्या एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाणार.
"तिने लावलेलं मोडायला माझा हात धजत नाही," म्हणायचा.

२०१६च्या दिवाळीच्या तोंडावर त्याच्या शेडचं छप्पर गळायला लागलं. डबे आमच्याकडे आले. मी ते किचनच्या कपाटात ठेवले आणि ऑफिसला पळाले.

आणि घरात कोण? नागपूरहून इथे परदेशी आलेल्या माझ्या सासूबाई. दिवाळी आलेली, आणि घरात घासायला धड एक समई नाही.

संध्याकाळी आले तर किचन लखलखत होतं. टॉवेलवर पसरलेल्या पुंगळ्या, सगळ्या डब्यांतल्या, एकत्र. डबेसुद्धा घासून उपडे घातलेले. चिठ्ठ्यांचा पत्ताच नाही.

"आई, हे काय केलंत?"

"काळंठिक्कर पडून राहिलं होतं पितळ. चिंच लावली. पाह्य कसं सोन्यासारखं झालं."

मी सगळं सांगितलं. नोराचं, डब्यांचं, चिठ्ठ्यांचं.

आईंचा चेहरा उतरला. वर्षभरापूर्वी गेलेले माझे सासरे, बाबा, त्यांना आठवले असणार. बाबांच्या चष्म्याला त्या कुणाला हात लावू देत नाहीत.

"बोलाव त्याले," म्हणाल्या. "मीच सांगतो."

डेस आला. टेबलापाशी उभा राहिला. आई मराठीत माफी मागत होत्या, मी भाषांतर करत होते, आणि तो नुसता टॉवेलवरच्या पुंगळ्या बघत होता. मला वाटलं, झालं, संपलं आमचं शेजारपण.

त्याने एक पुंगळी उचलली. दिव्याखाली धरली.

"जीझस, मेरी अँड जोसेफ," म्हणाला. "नव्या असताना पण इतक्या चमकत नव्हत्या."

आणि हसायला लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला. मग खुर्ची ओढून बसला.

"आता कुठली किती वेळा वापरली, कळायचा मार्ग नाही. प्रत्येक बघावी लागेल. शंका आली की बाद. नोरा गेल्यापासून हे काम टाळत होतो मी."

आईंनी भाषांतराची वाट पाहिली नाही. स्टीलचं ताट आणलं, मूठभर पुंगळ्या ओतल्या आणि तांदूळ निवडावेत तशा बोटाने एकेक सारायला लागल्या.

डेसने दाखवलं, चीर कुठे बघायची. आईंनी चिरलेली एक सोडलीच, त्याने पकडली. मग त्याची एक आईंनी पकडली आणि त्याच्यापुढे नाचवली.

मग डेसने मूठभर पुंगळ्या ओंजळीत घेऊन खुळखुळवल्या. कानाकडे बोट दाखवलं. चांगल्या किणकिणतात. त्यात एक जरी चिरलेली असली तरी आवाज बद्द येतो.

"अगं, मडकं घेताना आपण हेच तर करतो," आई म्हणाल्या. डोळे मिटून, मान कलती करून ऐकत राहिल्या.

डेस त्यांच्याकडे बघतच राहिला.
"नोरा पण अशीच मान करायची," एवढंच म्हणाला.

पुढच्या रविवारी डेस रेंजवर गेला. सोबत आई. नऊवारी, वर माझा जाड पार्का कोट, कानावर आवाज अडवणारे ते मोठे मफ. फायरिंग थांबलं, रेंजवाल्यांनी सेफ म्हटलं की आई डबा घेऊन पुंगळ्या वेचायला पुढे. क्लबातले सगळे म्हणायचे, डेसने नागपूरची कोच आणलीय.

आई दर वर्षी येत राहिल्या, आणि डेस दर वर्षी त्यांना बजावत राहिला: चिंच चालेल, मीठ नको, मीठ पितळ खातं.

बाद झालेली एक पुंगळी आईंनी मागून घेतली होती. नागपूरला न्यायची होती. मी म्हटलं, एअरपोर्टवर तुम्हाला आत टाकतील. मग ती इथेच आमच्या देव्हाऱ्यात राहिली, उदबत्तीचं घर म्हणून.

डेसने पाहिली तेव्हा खूश झाला. "हिची पेन्शन माझ्यापेक्षा बरी आहे," म्हणाला.

आज आईंना व्हिडिओ कॉल करून सांगितलं. खूप वेळ पदर तोंडाला लावून बसल्या.

मग म्हणाल्या, "ती पुंगळी दाखव."

दाखवली.

"काळी पडली ना वं. घास आधी. डेसभाऊसाठी उदबत्ती लावायची आहे."

घासली. फक्त चिंच, मीठ नाही. उदबत्ती लावली. आई तिकडून हात जोडून बसल्या, मी इकडे.

इथे कुणी आपल्याकडून घरी जायला निघालं की दारात उभं राहून म्हणतात, सेफ होम, म्हणजे सुखरूप घरी पोच.

सेफ होम, डेस. नोराला आमचा नमस्कार सांग.