सुतळीचं कुंपण

"दोन्ही पटतंय हो मला," असं म्हणत काका एका हातात खिळा आणि दुसऱ्या हातात स्क्रू घेऊन उभे राहायचे. समोर दूधवाला असो नाहीतर सोसायटीचा सेक्रेटरी, त्याच्यापुढे दोन्ही हात व्हायचे. तुम्ही "खिळा" म्हणालात की ते खिळ्याकडे बघून मान डोलवणार. "स्क्रू" म्हणालात की तितक्याच मनापासून स्क्रूकडे बघणार. असा माणूस टेलिफोन खात्यात निवृत्तीपर्यंत टिकला कसा, हे कोडं मला कधी सुटलं नाही.

मुंबईच्या वेशीबाहेर, पेणकरपाड्याजवळची आमची बिल्डिंग तेव्हा नवी होती. दोन हजार सालानंतरची गोष्ट. बहुतेक सगळे मुंबईतल्या चाळींतून आलेले, काका-काकू गिरगावातून. काकांचा फ्लॅट तळमजल्यावर. त्याला मागचं दार, आणि दारापुढे तुळस, अळू मावेल एवढी मोकळी जागा. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचो. फर्स्ट शिफ्ट करून दुपारी घरी आलो की गॅलरीत चहा घेत खाली बघत बसायचो. लोकांच्या घरात डोकावू नये हे मलाही कळतं, पण अंगणात बघायला काय हरकत आहे?

काकूंना विसर पडू लागला होता. एकदा त्या मागच्या दाराने निघाल्या आणि सापडल्या थेट काशीमीऱ्याला, हायवेच्या कडेला, ट्रकांच्या धुरात. "गिरगावची बस कुठे थांबते हो?" असं एका गॅरेजवाल्याला विचारत होत्या. आम्ही त्यांना रिक्षातून आणलं. वाटेत काका त्यांचा पदर मुठीत धरून बसले होते.

दुसऱ्याच दिवशी ते तिकडच्या एका गोदामातून मोडक्या खोक्यांच्या पट्ट्या घेऊन आले. मागच्या जागेला कुंपण घालायचं ठरलं. खांब रोवले, आडवे दांडे बसवले. उभ्या पट्ट्या तेवढ्या जोडायच्या राहिल्या, आणि तिथे गाडी अडली.

नाक्यावरचा सुतार म्हणाला, "अंकल, स्क्रू मारो. जिंदगीभर नहीं हिलेगा."

"जिंदगीभर?" काका दचकलेच. स्क्रू खिशात गेले.

मी खिळे सुचवले. त्यांनी दोन पट्ट्या ठोकल्याही. हातोड्याचा आवाज ऐकून काकू बाहेर आल्या आणि पट्टीवर हात ठेवून म्हणाल्या, "अहो, मला घरी जायचं असलं तर?" काकांनी संध्याकाळपर्यंत खिळे उपटून काढले.

राई गावाहून मासळी घेऊन येणारी मावशी टोपली उतरवत म्हणाली, "खिला कशाला? सुतलीनं बांध. कवा बी सोडता येतं, न्हाय तं पस्तावशील."

हेही पटलं. काकांनी सुतळीने एकेक पट्टी बांधून काढली, चांगल्या निरगाठी मारून. पण जन्मभर जे डोळ्यांसमोर होतं तेच हा माणूस विसरला होता. मिठाईच्या पुड्याची सुतळी काकूंनी कधीही कापलेली नव्हती. गाठ नखांनी सोडायची, सुतळी बोटांवर गुंडाळायची आणि डब्यात ठेवायची. बाकी सगळं विसरल्या तरी बोटं हे विसरली नव्हती.

दुपारी मी गॅलरीत आलो तर काकू पाटावर बसून कुंपण सोडवत होत्या. निम्म्या पट्ट्या आडव्या, मांडीवर सुतळीची गुंडी. मी धावत खाली गेलो. काका दारातच उभे होते.

"अहो, थांबवा ना त्यांना!"

"थांबवू?" ते हळूच म्हणाले. "सकाळपासून उठलेली नाहीये ती. एकदाही गिरगाव म्हणाली नाही."

तेव्हापासून रोज तेच. सकाळी काका बांधायचे, दुपारी काकू सोडायच्या. मी पार गोंधळून गेलो. जे रोज सुटतं त्याला कुंपण म्हणायचं कसं? आणि म्हणायचं नाही, तर काकू त्याच्या आत कशा राहिल्या?

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. गाठी सैल झाल्या तर काकू लवकर मोकळ्या होऊन रस्त्याला लागणार. घट्ट झाल्या तर नखं दुखून रडणार. काका प्रत्येक गाठ मारून स्वतः सोडून बघायचे, माझी सुट्टी असली की मला हाक मारून विचारायचे, "ही जमेल का हो तिला?" मला कधी "हो" वाटायचं, कधी "नाही".

काकूंची बोटं थकत गेली तशा गाठी बदलत गेल्या. शेवटी निव्वळ सुरगाठी उरल्या, टोक ओढलं की सुटणाऱ्या. त्यालाही काकूंची अख्खी दुपार जायची.

एका पहाटे काकू झोपेतच गेल्या. कुंपण आदल्या दिवशी अर्धंच सोडलेलं होतं. ते बरेच दिवस तसंच राहिलं.

मग एकदा काकांनी मला खाली बोलावलं. हातात खिळा होता. "आता खिळे मारू का?"

दुसरा हात रिकामा होता. मला फार वाईट वाटलं. "मारा," म्हणालो मी, आणि पुढच्याच क्षणी म्हणालो, "राहू दे हो." त्यांनी मान डोलावली. दोन्ही पटलं असावं.

पुढे मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली. जायच्या दिवशी, रविवारी सकाळी ते खाली बसून अर्धं राहिलेलं कुंपण बांधत होते. मला वाटलं, आता सोडणारं कोणी नाही, एकदाची पक्की गाठ मारत असतील.

काही महिन्यांनी सोसायटीला ती जागा स्कूटर लावायला हवी झाली. मी काढतो म्हणालो आणि कात्री घेऊन खाली गेलो. कात्री वापरावीच लागली नाही. शेवटपर्यंत सगळ्या सुरगाठी होत्या. आणि प्रत्येक गाठीचं टोक आतल्या बाजूला, पाटावर बसलेल्या माणसाच्या हाताला येईल एवढं लांब सोडलेलं होतं.