हौशीरामाचे बिननावाचे फोटो

माझ्या धाकट्या भनीचा, नंदीचा नवरा हौशीराम लोनावळ्यात फोटोचं दुकान चालवायचा. त्या मानसाचा मला कधी भरवसा वाटला न्हाई. हवा खायला आलेली मुंबईची मंडळी त्याच्याकडं फोटो काढून घ्यायची, तितवर ठीक. पन गिऱ्हाईक नसलं की गडी भलतंच टिपायचा. भिताडावरची ओल, तव्याची काजळी, तळ्यातलं शेवाळ, तेबी इतकं जवळनं की काय हाय ते कळूच नये. इचारलं की हसून म्हनायचा, "भिमाजीभाऊ, तुमाला काय दिसतंय?"

मला दिसायचा माझ्या भनीच्या संसाराचा इस्कोट! घरात च्याला गूळ न्हाई आन हा शेवाळाचे फोटो काढतोय. ह्याच्या डोक्यात कायतरी वंगाळ शिजतंय, असं मी नंदीला धा येळा बोललो. ती नुसती भाकऱ्या थापायची.

बेचाळीस सालच्या थंडीत पोलिसांनी त्याला उचलला. रेल्वेच्या तारा तोडायचे परकार तवा लय चाललेले. दुकानात टांगलेला एक मोठा फोटो त्यांनी काढून नेला. सगळ्या काळ्या रेघा, त्यातली एक जाड रेघ मधीच फुटून दोन झालेली. फौजदार म्हनला, हा घाटातल्या रुळांचा नकाशा. "काय हाय हे?" इचारलं, तर हा शहाना तितंबी म्हनला, "सायेब, तुमाला काय दिसतंय?" खाल्ली थोबाडीत! मग मातूर त्यानं तोंडच उघडलं न्हाई.

निरोप आला तसा मी माझ्या गावास्नं, कान्ह्यातनं लोनावळ्याला गेलो, नंदीला घेऊन ठान्यावर पोचलो. फोटो बघितला, तर मलाबी रूळच दिसले. म्हनलं, मेल्यानं घात केला, आता जातोय येरवड्याला.

नंदीनं फोटो बघितला. पदर खोचला, भिताडाला हात टेकला आन पाय मागं उचलून टाच फौजदाराला दाखवली.

"हे घ्या तुमचं रूळ."

"अगं, पाय खाली घे!" मी वरडलो. शरमेनं मेल्यावानी झालं मला.

भातखाचराच्या चिखलानं उललेली टाच. जाड भेग मधीच फुटून दोन झालेली. फौजदार एकदा फोटो बघी, एकदा टाच. मग कोपऱ्यात बसवलेल्या हौशीरामाकडं वळला.

"मघाशी का बोलला न्हाईस रे?"

"परक्या मानसांत बायकोचा पाय हाय म्हनून कसं सांगू, सायेब?"

त्याला सोडला. पन फौजदाराचा संशय काय गेला न्हाई, फोटो त्यानं ठेवूनच घेतला.

रस्त्यात हौशीरामाचं डोळं भरलं. "नंदे, चार मानसांत तुला पाय दाखवाया लागला गं."

नंदी उसळलीच. "दाखवला तर काय झिजला? येवढं जवळनं बघितलंत, रोज त्याच्याकडं डोळं लावून बसलात. पन दुकतंय का गं, म्हनून एकदा तरी इचारलंत?"

नंदी म्होरं निघाली. ती लंगडत हुती, ते मलाबी तवाच दिसलं.