सोन्यापेक्षा जड शिसं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढचं मला नीट सांगता येईल.

सहा वर्षं परदेशात सार्वजनिक धोरण शिकून मी रत्नागिरीला परतले, तेव्हा माझी पक्की समजूत होती की इथली माणसं भोळी आहेत. ऑनलाइन जाहिरात बघतात, कुणा अनोळखी माणसाला पैसे पाठवतात आणि सोन्याच्या नाण्याऐवजी पितळेची चकती घेऊन बसतात. त्यांना जागं करणारं कोणीतरी हवं होतं. कोण? अर्थात मी.

प्रत्यक्षात काय झालं, तर बचत गटाच्या पहिल्याच सभेत मी आवाज चढवून म्हटलं, "अनोळखी विक्रेत्याला आगाऊ पैसे पाठवू नका." मागच्या रांगेतली एक बाई शांतपणे म्हणाली, "ताई, आम्ही ओळखीच्यालासुद्धा कुठे पाठवतो?"

आता, ज्यांना जागं करायचं तेच जागे असले, तर समाजसेविकेने जायचं कुठे? मी ठरवलं, आपणच एक नाणं विकत घेऊन प्रात्यक्षिक दाखवायचं.

निमित्तही घरातच होतं. आईच्या पुतळ्यांच्या माळेत, म्हणजे सोन्याच्या नाण्यांच्या माळेत, एक पुतळी कमी आहे. मावसबहिणीचं लग्न तोंडावर आलेलं. एका सामाजिक संस्थेत नुकत्याच लागलेल्या नोकरीच्या पहिल्या पगारातून ती रिकामी जागा भरायची आणि आईला चकित करायचं, असा माझा बेत. जाहिरात सापडली. विकणारे राजापूरचे दामले सर, निवृत्त शिक्षक. आंब्याच्या कलमांसाठी पंप घ्यायचा म्हणून घरातली जुनी पुतळी काढत होते.

फोनवर म्हणाले, "मीच येतो रत्नागिरीला. तुमच्या नेहमीच्या सोनाराकडे भेटू. तो कसोटीवर घासून सांगेल, दोघांचंही समाधान."

किती सरळ बोलणं. पण मला काय वाटावं? यांनी आमचा सोनार फोडला. मी ठणकावलं, "मध्यस्थ नकोत. नागरिकाने स्वतः तपासायला शिकलं पाहिजे."

पलीकडून "बरं" असं ऐकू आलं.

भेटलो एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये. खरं सोनं शेजारी ठेवलं की खोटं आपोआप उघडं पडतं, हा माझा सिद्धांत. म्हणून आईला न विचारता कपाटातली माळ उचलली होती. सोबत लोहचुंबक आणि खिशात मावणारा वजनकाटा. फोन साखरेच्या डब्याला टेकवून चित्रीकरण सुरू केलं.

सरांची पुतळी चुंबकाला चिकटली नाही. आईचीही नाही. आकार तोच, जाडी तीच. मग माळेतली एक पुतळी दोऱ्यातून सोडवली आणि दोन्ही एकेक करून काट्यावर ठेवल्या. सरांची पुतळी आईच्या पुतळीच्या जवळजवळ पावणेदोन पट भरली.

मी मोबाइलकडे वळून म्हटलं, "बघा. आत शिसं भरलंय."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "मुली, शिसं सोन्यापेक्षा हलकं असतं."

"विज्ञानाची भाषा वापरूनच लोकांना फसवलं जातं, सर."

"मी तीस वर्षं विज्ञानच शिकवलं."

शेजारच्या टेबलावरचा कंडक्टर वडा अर्धा ठेवून उठला. "दामले सर? मी तुमचा विद्यार्थी, सर. काय झालं?"

"या बाईंना सांग, शिसं जड की सोनं?"

"सोनं, सर. तुम्ही घनतेच्या धड्याला मला बाकावर उभं केलं होतं."

कोणी शहाणी असती तर इथे थांबली असती. मी काय केलं? कंडक्टरकडे बोट दाखवून म्हटलं, "हेही सामील आहेत."

सरांनी पुतळी रुमालात बांधली. ते राजापूरच्या गाडीकडे गेले. कंडक्टरने जाता जाता मला विचारलं, "ताई, शिकायला नक्की कुठे गेला होतात?"

घरी पोचायच्या आत मी तो व्हिडिओ सरांच्या चेहऱ्यासकट सगळीकडे टाकला होता. चार वाजेपर्यंत तो राजापुरात फिरत होता.

संध्याकाळी आईला सगळं रंगवून सांगितलं. ती नारळ खवत होती. हात थांबला.

"ताडून कशाशी बघितलंस?"

"तुझ्या माळेतल्या पुतळीशी."

"अगो, ती अख्खी माळच चांदीची आहे. वर सोन्याचं पाणी दिलंय."

मी खालीच बसले. "आणि खरी?"

"तुझ्या दुसऱ्या वर्षाच्या फीला मोडली. आत्याला ठाऊक आहे, मावशीला ठाऊक आहे, समोरच्या काकूंनाही."

"मग ही रिकामी जागा कशाला ठेवलीस?"

"जुन्या माळेतही एक कमीच होती. तुला ओळखू येऊ नये म्हणून तशीच करून घेतली."

"मला का नाही सांगितलंस कधी?"

आईने पुन्हा खवायला घेतलं. "सांगणार होते. पण फोन केला की तू पारदर्शकतेवर बोलायचीस. मध्ये तोंड घालायला फट कुठे होती?"

सकाळी पहिलं काम केलं ते व्हिडिओ काढण्याचं. त्याच जागी दुसरा टाकला. त्यात माझं नाव घेऊन स्पष्ट सांगितलं की खोटं सोनं माझ्याकडे होतं, सरांकडे नाही. मग धीर करून सरांना फोन लावला आणि माफी मागितली.

"दुसरा व्हिडिओ पाहिला," सर म्हणाले. "पुतळी अजून आहे. या राजापूरला. पण सोनाराकडेच भेटू. आणि येताना आईंना आणा."

"आईला कशाला, सर?"

"व्यवहार आहे. कोणीतरी जाणतं माणूस सोबत हवं."

मी फोन ठेवला आणि ठरवलं. दहाच्या गाडीने आईला घेऊन जायचं. बोलेल तीच. मी पिशवी धरायची.