गवराबाईची साक्ष

भोसरीत गवराबाईशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती. गावातल्या निम्म्याअधिक माणसांनी पहिला टाहो तिच्याच हातात फोडलेला. "ज्याला मी उघडा बघितला, त्यानं माझ्यापुढं मिशीला पीळ देऊ नये," असं ती चारचौघांत म्हणायची आणि मिशीवाले गुमान हात खाली घ्यायचे.

सुईणपणातलं एक काम ती दुसऱ्या कुणाला करू देत नसे. बाळाची नाळ ती स्वतः पुरायची. उंबऱ्याच्या डाव्या अंगाला हातभर खड्डा, वर सपाट दगड. कुणाची कुठं पुरली ते तिला तोंडपाठ होतं. एकदा दौलतराव आणि त्याचा चुलतभाऊ ओट्याच्या हद्दीवरून कुऱ्हाडीवर आले, तेव्हा गवराबाईनं काठीनं एक जागा टोकरली. "दौल्या, तुझी नाळ हितं हाय. म्हंजे तुझा उंबरा हितवर." पुढं मोजणीदार आला, साखळी टाकली, आणि त्याचीही खूण तिथंच पडली. माणूस कुठला, तर त्याची नाळ पुरली तिथला. यापलीकडे काही कायदा असतो हे साठी जवळ येईतो तिच्या कानावर आलं नव्हतं.

ते आलं सत्तावन्न साली, एल्साबाईमुळं.

एल्साबाई दापोडीच्या दवाखान्यात नर्स होती. मूळची जर्मनीची, धर्मानं ज्यू. तिकडं जीव वाचेना म्हणून नवऱ्याबरोबर अडतीस साली मुंबईच्या बंदरात उतरली. लढाई पेटली तशी इंग्रज सरकारनं दोघांना शत्रूच्या मुलखातली माणसं म्हणून पुरंदर किल्ल्यावर नजरकैदेत ठेवलं आणि चौकशी करून सोडलं. नवरा दापोडीत यंत्रं दुरुस्त करायच्या कामाला लागला. चव्वेचाळीस साली त्यांना मुलगा झाला आणि तिसऱ्या दिवशी गेला. दोन वर्षांनी विषमज्वरानं नवराही गेला. ते बाळंतपण गवराबाईनंच केलं होतं. गेलेल्या लेकराचा विषय आईपुढं काढायचा नाही हा तिचा दंडक, आणि तेरा वर्षांत तिनं तो एकदाही मोडला नव्हता.

नवरा गेल्यावरही एल्साबाई इथंच राहिली. भोसरीत बाळंतपण अडलं की गवराबाईचा निरोप जायचा आणि बाई सायकल हाणत यायची. मराठी शिकली ती बाळंतिणींच्या उशाशी, त्यामुळं पोस्टमनलासुद्धा ती "दम धर, घाई करू नगंस" असं म्हणायची आणि तो बिचारा खरंच दम धरायचा.

तर ही एल्साबाई एका दुपारी कागदांची चळत घेऊन गवराबाईच्या ओट्यावर येऊन बसली.

"मला हितली व्हायचंय," ती म्हणाली. "कायद्यानं."

तिची अडचण अशी. परदेशी म्हणून तिला दरवर्षी पुण्याला पोलिसांत जाऊन राहायची परवानगी घ्यावी लागे. यंदाच्या कारकुनानं शिक्का मारता मारता सांगितलं होतं, पुढल्या वर्षीचं काही सांगता येत नाही. परवानगी नाकारली तर जायचं कुठं? जर्मन सरकारनं लढाईतच एक फर्मान काढून देशाबाहेर गेलेल्या साऱ्या ज्यूंचं नागरिकत्व एका फटक्यात काढून घेतलं होतं. आता ती कुठल्याच देशाची नव्हती.

"काढून घेतलं?" गवराबाईचा सुपारी कातरणारा हात थांबला. "जल्मलीस तितं, आन् काढून घेतलं? नाळ उकरून काढली का काय त्यांनी?"

नव्या कायद्यानं मात्र अर्ज करता येत होता. ठरावीक वर्षं देशात राहिल्याचा पुरावा, चांगली वागणूक, इथली एक भाषा यायला हवी, पुढंही इथंच राहायचा इरादा हवा, आणि दोन भारतीय माणसांची साक्ष. एक साक्ष द्यायला शाळेचे दत्तोबा गुरुजी तयार होते. दुसरी तिला गवराबाईची हवी होती.

"अगं, मी कुटली भारतीय? मी भोसरीची."

"तुमी सात वर्सांमागं झाला. राज्यघटना आली त्या दिवशी."

"मला कुणी इचारलं न्हाई ते."

"तेच तर," एल्साबाई म्हणाली. "तुमाला इचारायची गरज न्हवती."

मग संध्याकाळ होईतो एल्साबाई सांगत राहिली आणि गवराबाई ऐकत राहिली. अमेरिकेत म्हणे त्या भुईवर जन्मलं की झालं, आईबाप कुठलेही असोत. जर्मनीत भुईला मोल नाही, बापाचं रक्त बघतात. स्वित्झर्लंड नावाच्या डोंगराळ मुलखात बारा वर्षं काढली तरी आधी गावानं हो म्हणावं लागतं, गाव बसतं आणि ठरवतं. हे मात्र गवराबाईला फार पटलं. "शानी मान्सं हायती," ती म्हणाली. काही देशांत परमुलखातला नवरा केला की बाईचा देश आपोआप जातो, हे ऐकून ती नुसती हसली. आणि लांब कशाला, पिंपरीच्या कॅम्पातले सिंधी. अठ्ठेचाळीसच्या जुलैतल्या एका तारखेआधी आलेला थोरला भाऊ कागदाशिवाय नागरिक, आणि महिन्यानं आलेल्या धाकट्याला नाव नोंदवून घ्यावं लागलं. एकाच आईची दोन लेकरं, मध्ये एक तारीख.

गवराबाई थक्क झाली. आपण चाळीस वर्षं लेकरं भुईवर घेतली, नाळ कापली, अंघोळ घातली. त्या एवढ्याशा टाहोसरशी प्रत्येकाच्या पदरात एवढं मोठं काही पडत होतं, आणि ते आपल्याच हातांवर घडत होतं! तिनं आपले तळवे उलटेपालटे करून पाहिले. आणि ही बाई त्याच गोष्टीसाठी एकोणीस वर्षं ताटकळत उभी आहे, याचं तिला फार वाईट वाटलं.

साक्षीच्या दिवशी दोघी मोटारीनं पुण्याला निघाल्या. गुरुजींची साक्ष आदल्याच दिवशी झाली होती. वाटेत गवराबाईच्या मनात दुसरंच काही घोळायला लागलं. तिचा जन्म चाकणचा. तिची नाळ चाकणात, बापाच्या उंबऱ्याशी. अकराव्या वर्षी लग्न होऊन ती भोसरीत आली, सासूनं नाव बदललं, आणि झाली इथली. मग आपल्याच कायद्यानं आपण भोसरीचे नाहीच की काय? या प्रश्नानं ती इतकी हबकली की खडकी कधी मागं पडली ते कळलं नाही. शेवटी तिनं तो झटकला आणि आजच्या कामापुरता एक सोपा उपाय काढला. इथं जन्मलेल्याला काही विचारत नाहीत ना? मग झालं तर. आणि जन्माच्या बाबतीत सुईणीचा शब्द कोण खोटा पाडणार?

कचेरीत साहेबानं शपथ दिली आणि विचारलं, "आजी, या बाईंना कधीपासून ओळखता?"

"जल्मल्यापास्नं," गवराबाई ठणकावून म्हणाली. "भोसरीतच जल्मली. तिची नाळ मी पुरली या हातानं."

एल्साबाईच्या तोंडचं पाणी पळालं. साहेबानं अर्जाकडं पाहिलं, त्यावर जर्मनीतल्या गावाचं नाव होतं. मग गोऱ्या बाईकडं पाहिलं.

"यांचं वय एकोणपन्नास. तुमचं?"

"असंल साठीच्या आतबाहेर."

"म्हणजे दहा-अकराव्या वर्षी तुम्ही सुईण होता?" साहेबानं लेखणी खाली ठेवली. "आजी, शपथेवर खोटं बोललात तर यांचा अर्ज इथंच संपेल. एकदाच पुन्हा विचारतो, मग मी कागद बंद करणार."

गवराबाई चांगलं करायला गेली आणि बाईच्या मुळावर आली. तिनं एल्साबाईकडं पाहिलं. ती मान खाली घालून बसली होती. मोटारीतला तो प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला, आणि या खेपेला त्याचं उत्तर घेऊनच.

"साहेब, जल्म हितला न्हाई. ते मी खोटं बोलले," ती हळू म्हणाली. "पर नाळ पुरली ते खरं हाय. मुंबईच्या गोदीचा भडका झाला त्या साली हिला लेकरू झालं. ऱ्हायलं न्हाई ते. त्याची नाळ मी दापोडीत लिंबाखाली पुरली. नाळ काय एकट्या लेकराची नसती, साहेब. एक टोक लेकराचं, एक टोक आईचं. मधी मी कापती. ती निम्मी नाळ हिचीच हाय. बाईमानूस जल्म एकीकडं घेतं आन् असं दुसरीकडं रुजतं. मी चाकणची. माज्या चार लेकरांच्या नाळा भोसरीत हायती, म्हून मी भोसरीची."

साहेबानं मग लेखणी उचलली.

"गोदीचा भडका म्हणजे चव्वेचाळीसचा एप्रिल," तो लिहिता लिहिता म्हणाला. "तेरा वर्षांची ओळख झाली. इथं अंगठा करा."

परतीच्या वाटेवर दापोडीला मोटार थांबली, तेव्हा एल्साबाई उतरताना म्हणाली, "मला जागा दाखवा."

"तू कदी इचारलं न्हाईस."

"आता इचारते."

गवराबाईनं लिंबाखालचा तो दगड दाखवला. एल्साबाईनं पायातल्या वहाणा काढल्या आणि तिथं बसली. गवराबाई थोडी लांब, पाठ करून उभी राहिली.

नागरिकत्वाचा कागद आला माघात. एल्साबाई तो घेऊन भोसरीला आली, तर गवराबाई गावातल्या सोपानरावाच्या सुनेच्या बाळंतपणात होती. सूनही चाकणकडचीच, जेमतेम सतरा वर्षांची, पहिलटकरीण. दोघींनी मिळून तिला सोडवलं. मुलगी झाली. गवराबाईनं कुदळ घेतली, उंबऱ्याच्या डाव्या अंगाला खड्डा केला, आणि चाळीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. पानात गुंडाळलेली नाळ घेऊन आत बाळंतिणीच्या खाटेपाशी गेली.

"बघून घे, पोरी," ती म्हणाली. "ह्यातली निम्मी तुजी हाय. आता कुणी इचारलं तू कुटली, तर सांगायचं, हितली."

पोर दमलेली होती. तिनं मान हलवली आणि डोळे मिटले. एल्साबाई दाराशी कागद हातात धरून उभी होती. तिनं तो घडी घालून पिशवीत ठेवला आणि उंबऱ्याशी ठेवलेली कुदळ उचलली.